घाटआईचा धाकटा

मी ठाण्यात, भर आषाढात, भाताच्या खाचरात ज्वारी पेरली.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने जमीन दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. जन्म ठाण्यातला. माजिवड्याला आमची थोडी भातजमीन होती आणि तिच्या बांधावरून घसरून मी लहानपणी दर पावसाळ्यात एकदा तरी चिखलात पडत असे. पण त्या वर्षी मी वीस-एकवीस वर्षांचा होतो, कचेरीत उमेदवारी करत होतो, इंग्रजी चार बुकं वाचली होती, आणि माझं अनुमान असं होतं की जे पीक माणदेशात चार थेंबांवर उभं राहतं ते आमच्या पावसात माडाएवढं होईल. आमचं कूळ जोमा कपाळाला हात लावून बांधावर उकिडवा बसला होता. "भाऊ," तो म्हणाला, "आमच्या बापजन्मात ह्या शेतान कोनी जोंधला पेरला नाय. त्यापरीस बोंबील पेरा, ते तरी पोहतील."

मी त्याला अडाणी समजलो.

हा सगळा उद्योग मी केला तो मत्सरापायी. मत्सर एका भाकरीचा होता, ती भाकरी आणणाऱ्याचा होता, आणि ती ज्या बाईच्या हातची होती तिने दुसऱ्या कुणाचं कौतुक करावं याचा होता. तिला गल्लीत सगळे 'घाटावरची' म्हणत. मी घाटआई म्हणत असे. माझी आई मला जन्म देऊन बाराव्या दिवसाच्या आत गेली, आणि मी जगलो तो घाटआईच्या दुधावर.

ती आली कशी, ते तिने मला अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तेवढंच सांगितलं. घाटात आगगाडीची वाट फोडत होते ती वर्षं. माणदेशात पाणी नाही, पीक नाही, म्हणून तिचा नवरा सुरुंगाच्या कामावर आला आणि मागोमाग ती. मजुरांच्या झोपड्यांत पटकीची साथ शिरली, नवरा एका दिवसात गेला. घाटआई पाच महिन्यांचा म्हादू कडेवर घेऊन निघाली ती थेट खाली. "वर कशाला जायाचं?" ती म्हणे. "वर काय बी नव्हतं. पानी उताराला जातंय, म्या बी गेले." ठाण्याला तळ्याच्या काठी ती पोराला पाजत बसली होती. आमच्या सुईणीने तिला पाहिलं आणि हाताला धरून आमच्या मागल्या दारी आणून उभं केलं. आत मी कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध चोखून ओकत होतो.

म्हणजे दोन पोरं आणि एक आई. भांडणाला एवढं पुरे होतं. म्हादू माझ्याहून पाच महिन्यांनी मोठा, म्हणून तो 'थोरला' आणि मी 'धाकला'. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात, वडिलांच्या छपराखाली, मी दुसरा नंबर! आठेक वर्षांचा असताना मी तिला एकदा सरळ विचारलं, कोणाला कुठल्या बाजूला घेत होतीस? ती म्हणाली, थोरल्याला उजवीकडं, तुला डावीकडं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "उजवीकडे जास्त दूध असतं का?"

ती दळत होती. जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, "म्या मापून न्हाय बघितलं बाबा. तुज्या आबांच्या कचेरीत माप आसंल तर आन जा."

"पण आधी कोणाला घ्यायचीस?"

"भुकेलं कोन ते बघायची. रडनारं कोन ते न्हाय बघायची. तू नुसताच रडायचास."

आमच्या मागल्या पडवीत तिची चूल होती. घरातला स्वयंपाक आत्या करी. घाटआई सडा, भांडी, म्हैस आणि मी, एवढं बघे. भात तिने वीस-बावीस वर्षांत मनापासून खाल्ला नाही. "भात म्हंजी पानी चावायचं," असं म्हणून ती तोंड वाकडं करी. आमच्या पावसाला ती नावं ठेवी, आमच्या माश्यांच्या वासाला नावं ठेवी, आमच्या लाल मातीला तर ती माती म्हणायलाच तयार नसे. एक बोचकं तिने पडवीच्या खुंटीला बांधून ठेवलं होतं. त्यात एक लुगडं, एक तांब्या आणि नवऱ्याचं मुंडासं. दर वर्षी म्हणे, "औंदा वर पानी पडलं म्हंजी जाते बाबा माज्या मुलखात." वर पाणी पडे. ती बोचकं सोडून लुगड्याला ऊन दाखवी, पुन्हा बांधी आणि खुंटीला लावी. मी लहानपणी रोज सकाळी उठून आधी ती खुंटी बघत असे आणि मग तोंड धूत असे.

आगगाडीत मात्र ती बसत नसे. शिट्टी वाजली की गल्लीतली पोरं धावत जायची, ती पाठ फिरवून बसायची. "त्या वाटंवर माजा मानूस गेला. त्याच्या अंगावरनं मी न्हाय जायाची." हे मी नीट लक्षात ठेवलं होतं, कारण त्यात माझा फायदा होता. आगगाडीत न बसणारी बाई जाऊन जाऊन जाणार कुठे?

मुंजीपर्यंत मला तिच्या ताटात जेवायची मुभा होती. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असतं. मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो आणि मग मोठ्या माणसांच्या नियमांत येतो. आई नसली तर आत्या-मावशी बसते. मी पाटावर बसलो, समोर आत्या बसली, आणि मी उठून उभा राहिलो. म्हणालो, मी घाटआईच्या ताटात जेवणार. भटजींच्या हातातली पळी तिथेच थांबली. आत्या लाल झाली. आबा खांबाला टेकून उभे होते ते तसेच उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. आबा एरवीही दिवसाकाठी पाच-सात शब्द बोलत. शेवटी मागल्या दारातून घाटआईचाच आवाज आला. "आत्याबाईंच्या ताटात जेव गप. हितं तुला काय मिळनार? कालची भाकर."

मी जेवलो. लाडू होता, जिलबी होती. आणि मागल्या दारी म्हादू तीच कालची भाकर खात बसला होता. नुसती खात नव्हता, माझ्याकडे बघून, एकेक तुकडा उचलून दाखवून खात होता. त्या दिवसापासून तिच्या चुलीवरचं मला बंद झालं आणि त्याला चालू राहिलं. मी देवाकडे अनेक गोष्टी मागितल्या आहेत, पण इतक्या कळकळीने एकच मागितली: म्हादूच्या त्या भाकरीत खडा निघू दे.

तो पुढे कल्याण स्टेशनात सांधेवाला झाला. रूळ बदलायचे, गाडी इकडची तिकडे घालायची. निळा कोट आणि पितळी बिल्ला. गाडीचा डबा आपण हलवला की चालतो अशा थाटात तो चालायचा. तिथे त्याने एक गार्ड गाठला. वरून येणारी मालगाडी आली की त्यात म्हादूसाठी ज्वारीचं गाठोडं असायचं, अगदी घाटआईच्या मुलखातली, पांढरीशुभ्र. सुट्टी मिळाली की तो ते खांद्यावर टाकून ठाण्याला हजर.

मग काय विचारता. पडवीत भाकरी थापण्याचा तो आवाज सुरू व्हायचा आणि वास माजघर ओलांडून ओटीपर्यंत यायचा. ओटीवर मी कचेरीचे कागद घेऊन बसलेला असायचो. घाटआई त्या दिवशी गल्लीतल्या दर बाईला बोलावून सांगायची, "माज्या थोरल्यानं आनली. माज्या मुलखाची हाय." एकदा तर तिने भाकरीचा पापुद्रा सोलून शेजारणीला उजेडात धरून दाखवला. आपल्या मुलाने पदवी मिळवली तर लोक दाखवतात तसा. मी परीक्षा पास झालो तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं." बस.

म्हणून मी ज्वारी पेरली.

सव्वा हात वाढली. नंतर पिवळी पडली, मुळं कुजली, आणि तिच्यातून बेडूक उड्या मारू लागले. जोमा रोज येऊन सांगायचा, "भाऊ, जोंधला निजला." शेवटी मी ठरवलं की निदान म्हशीला तरी घालावी. दोन पेंढ्या कापून डोक्यावर घेऊन, भिजत, मी मागल्या दाराने आलो. घाटआईने लांबूनच पाहिलं आणि अशी काही किंचाळली की आत्या देवघरातून उठून आली.

"टाक! टाक ते खाली! म्हस मारतुस का काय?"

कोवळी, खुरटलेली ज्वारी ढोरांना विषासारखी बाधते, हे माणदेशातलं शेंबडं पोर जाणतं. मला चार इंग्रजी बुकांत कुठेच भेटलं नव्हतं. मी पेंढ्या टाकल्या. तिने ज्वारीचं एक ताट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला.

"हे कुठनं आनलंस?"

"माजिवड्याहून. मी पेरली."

"कशाला?"

मी चिखलात उभा होतो, डोक्यावरून पाणी गळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, पेंढ्यांकडे पाहिलं, आणि ती पायरीवर बसून हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. "आरं बिचारी पोहाय शिकत व्हती की रं," म्हणाली. आत्या हसली. माझी बायको नवीनच घरात आली होती, ती दाराआड हसली. आबा ओटीवरून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसाचा आपला एक शब्द खर्च केला: "वा."

त्यातलं एक जरा धडसं रोप घाटआईने फुटक्या माठात, पडवीच्या आत, पाऊस लागणार नाही अशा जागी लावलं. दसऱ्यानंतर त्याला बोटभर कणीस आलं. मी ते म्हादूला दाखवायला जपून ठेवलं होतं. तो यायच्या आदल्या दिवशी चिमण्यांनी खाल्लं. "चिमन्या तरी जेवल्या," घाटआई म्हणाली. मला ते कौतुक वाटलं. अजूनही मी ते कौतुकच धरतो.

दोन वर्षांनी म्हादूला मुलगी झाली. तिचं नाव तानी. म्हादूची बायको पोरकी. माहेरी दुष्काळाने कोणी ठेवलं नव्हतं. तो घाटआईला न्यायला आला. "आये, चल आता. पोरीला आंगुळ घालाय कोन न्हाय."

मी ओटीवर निवांत होतो. कल्याणची वाट रुळांवरून, आणि रुळांवरून ती जाणार नाही. मी उदारपणे म्हणालो, "घाटआईची इच्छा असेल तर न्या बुवा. आम्ही कोण अडवणारे!" म्हादूने माझ्याकडे बघून दात काढले. "बंदरावर तांदळाचा मचवा लागलाय," तो म्हणाला. "उद्या भरतीला सुटनार. खाडीनं सरळ कल्याण. रूळ तिला नदरंलाबी पडायचा न्हाय."

खाडी! ठाण्यात जन्मून मी खाडी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ताप भरला. काखेत कांदा ठेवला की अंग तापतं, हे शाळेत असताना कळलं होतं आणि तेव्हा दोनदा उपयोगी पडलं होतं. मी कण्हत पडून राहिलो. बायको बिचारी घाबरली, तिने घाटआईला हाक मारली. घाटआई आली. तिने बोचकं खुंटीवरून काढून काखोटीला मारलेलं होतं. वाकून माझ्या कपाळाला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. एवढा वेळ तिने तो हात मी सात वर्षांचा असताना गोवर आला होता तेव्हा ठेवला होता. मी डोळे मिटून घेतले.

"सूनबाई," ती माझ्या बायकोला म्हणाली, "ह्याच्या काखंतला कांदा काढ. आमटीला लागंल."

बंदरावर मी गेलो. बरा झालेला माणूस कुठेही जाऊ शकतो. मचव्यात तांदळाच्या गोणींवर ती बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, म्हादू शिडाच्या दोरीशी उगाच लुडबुडत होता. मला वाटलं काही बोलेल. ती नावाड्याला म्हणाली, "किती चिखुल हाय रं तुमच्या मुलखात." मचवा सुटला. पाणी चढत होतं, मचवा कोपरीच्या अंगाला वळून दिसेनासा झाला, तरी मी काठावरच उभा. घरी आलो तर आबा मागल्या पडवीत उभे. रिकाम्या खुंटीकडे बघत होते. मला पाहून आत गेले.

मग माझ्या कल्याणच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर महिन्याला एक रविवार. डोंबिवली म्हणजे तेव्हा गाडीतून दिसणारी भातशेती. ती संपली की मी आधीच पागोटं सारखं करून दाराशी जाऊन उभा राहायचो. रेल्वेची चाळ होती. मद्राशी, गुजराथी, घाटावरचे, कोकणातले, सगळ्या मुलखांतून आलेले लोक, आणि सगळ्यांच्या बायकांना घाटआई पाहिजे. कोणाचं पोर रडतं, कोणाला डोहाळे, कोणाचं दूध आटलंय. तिला कोणाची भाषा येत नव्हती आणि सगळ्यांशी ती आपल्या माणदेशीतच बोलायची. "काय बाई, कळतंय का?" असं विचारून त्या बाईने मान हलवली की झालं. पंधरा-वीस पोरं तिला आजी म्हणायची. आतापर्यंत मला एका म्हादूचा मत्सर करावा लागत होता. आता सबंध चाळीचा करायचा, आणि रविवार एकच.

तानी सगळ्यांत वाईट. आजीच्या मांडीवर बसायची ती उठायचीच नाही. घाटआई भाकरी दुधात कुस्करून एकेक घास तिच्या तोंडात घालायची, आणि समोर कचेरीतला कायम झालेला कारकून, दोन पोरांचा बाप, पागोटं मांडीवर घेऊन बघत बसायचा. पोरगी पाच-सहा वर्षांची झाल्यावर एकदा म्हणाली, "आजे, ह्यो बामन आपल्या ताटाकडं का बघतूय?"

"त्याला भूक लागलीया."

"मग दे की त्याला."

मी हात पुढे केला. खरंच केला. तिथे आत्या नव्हती, भटजी नव्हते, कोणी बघणारं नव्हतं. म्हणालो, "दे घाटआई. कोणाला कळणार नाही."

तिने ताट मागे ओढलं. "न्हाय द्यायची."

"म्हादूला देतेस, चाळीला देतेस, मला काय झालं?"

"तुज्या आबांनी मला छप्पर दिलं. त्यांच्या पाठीमागं त्यांच्या घरात बाट न्हाय घालायची म्या." मग तानीचं तोंड पुसत म्हणाली, "तुला काय ठावं हाय? तू पीत आसलास का तुजा बाप मागल्या दारी येऊन हुबा ऱ्हायचा. लांब. तकडं तोंड करून. इचारायचा, 'पितोय ना?' म्या व्हय म्हनलं का जायाचा. रोज. वरीसभर."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आबा सांगणं शक्यच नव्हतं. मी काय केलं? घरी जाऊन आबांच्या पाया पडलो? नाही. मी गाडीत बसून असा विचार केला की ही बाई आबांनाही माझ्याहून जास्त मानते, म्हणजे मत्सर करायला आणखी एक माणूस झाला. माझी अक्कल ही अशी होती.

म्हातारपणी ती थकली, दिसेना झालं. म्हादू म्हणाला, आये, एकदा तुला वर गावाला नेऊन आणतो, बैलगाडीने नेतो. ती म्हणाली, "तितं कोन हाय आता? माजी समदी हितंच. एक ठान्याला, एक कल्यानला." मी तिथेच बसलो होतो. तिने ठाणं आधी म्हटलं, हे मी बाहेर आल्यावर म्हादूला मुद्दाम सांगितलं. तो बिडी पेटवत म्हणाला, "गाडी तशीच येती. आदी ठानं, मग कल्यान."

एका सकाळी म्हादू आमच्या मागल्या दारी येऊन उभा राहिला. अंगात निळा कोट होता, डोक्याला काही नव्हतं. आम्ही दोघे स्टेशनाकडे चालू लागलो. घाटआईला उचलायची वेळ आली तेव्हा मी चाळीच्या कोपऱ्यात बाजूला उभा होतो. मी तिचा कोण लागतो हे मलाच सांगता आलं नसतं. म्हादूने मागे वळून पाहिलं. "धाकल्या," म्हणाला, "खांदा दे की. का बामन आडवं येतंय?" मी पुढे झालो. उजवी बाजू त्याने घेतली होती. मी डावी घेतली.

दहाव्याला खाडीच्या काठी सगळे जमले. आई किंवा बाप गेला की मुलाने मिशी उतरवायची. म्हादूची मिशी जाडजूड, सांधेवाल्याला शोभणारी. न्हाव्याने ती दोन हातांत उतरवली. त्याचा तो उघडा, लहान मुलासारखा ओठ मी पाहिला. हेही याला मिळालं! न्हावी वस्तरा चामड्यावर घासत म्हणाला, "आनि कोन लेक?"

तिच्या दूरच्या नात्यातले दोन-तीन जण आले होते, ते एकमेकांकडे बघत होते. मी जाऊन त्याच्यासमोर बसलो.

न्हाव्याने माझं जानवं पाहिलं, म्हादूकडे पाहिलं. म्हादू म्हणाला, "काढ. माजा भाऊ हाय." वस्तरा लागला तेव्हा मला रडू आलं, आणि, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा, मला म्हादूचा मत्सर वाटला नाही. हे साधारण ठाण्यापर्यंत टिकलं.

स्टेशनावरून घराकडे येताना नाक्यावरच्या वाण्याने तराजू खाली ठेवला. उठून उभा राहिला. "अरेरे," म्हणाला, "कधी?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस! आणि आम्हाला पत्ता नाही. काल-परवा तर दिसले होते असं वाटतंय..."

त्याला काय वाटतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. पुढे शिंपी भेटला, त्याने माझा हात हातात घेतला. "फार शांत माणूस," तो म्हणाला. घाटआई शांत? मी मान हलवली. दोन पावलांवर आमचे शेजारी तात्या आले, त्यांनी मला पाहिलं, तोंडावर उपरणं धरलं आणि गळ्यातच पडले. "विनायका, पोरका झालास रे!" ते खरंच होतं, म्हणून मीही रडलो. वाणी, शिंपी, तात्या आणि आणखी दोघे, अशी ती मंडळी डोळे पुसत माझ्यामागून गल्लीत शिरली.

ओटीवर आबा सुपारी कातरत बसले होते.

तात्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. वाणी एक पायरी खाली उतरला. तेव्हा कुठे माझा हात वर गेला, ओठाला लागला, आणि आपण काय करून आलो ते मला कळलं. बाप जिवंत असताना मिशी काढून भर बाजारातून मी चालत आलो होतो. दारात माझी बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. या वेळी ती हसत नव्हती.

आबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कोण गेलं ते त्यांना माहीत होतं. कुठे गेलो होतो तेही माहीत होतं. मला वाटलं आता ते आत उठून जातील. त्यांनी घसा साफ केला आणि एका दमात जेवढे शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकले नव्हते तेवढे बोलले.

"ती मिशी माझ्या वाटणीची होती, गाढवा. मी गेल्यावर आता काय काढशील?"